रविवारची बाग

"दाजी, हे वाचलंत का?"

शेखरनं स्कूटर स्टँडला लावली आणि बागेच्या फाटकाकडं बोट दाखवलं. मी चारच्या आधीपासूनच तिथं उभा होतो, पण माझं सगळं लक्ष रस्त्याकडं. ज्या फाटकाला पाठ टेकून उभा होतो, त्याच फाटकावर माझ्या डोक्याच्या वर नगरपालिकेची नोटीस डकवलेली होती, आणि मला पत्ताच नव्हता.

शेखरनं ती शाळेत धडा वाचावा तशी मोठ्यानं वाचून दाखवली. "रखवाली व साफसफाईचा ठेका संपल्याने आणि निधी उपलब्ध नसल्याने सदर उद्यान येत्या एक तारखेपासून पुढील आदेश होईपर्यंत बंद ठेवण्यात येत आहे." मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "म्हणजे आजचा रविवार शेवटचा."

"शेवटचा कसा?"

"ते आता तुम्ही बघा, दाजी. कोर्टाच्या कागदात बाग लिहिलीय. दुसरीकडं कुठं न्यायचं नाही, हे पण लिहिलंय. बागच बंद झाली तर आम्ही पोरीला आणून उभी कुठं करायची?"

माझी मुलगी शिवानी अजून स्कूटरवरून उतरली नव्हती. मागच्या सीटवर बसूनच ती त्या कागदाकडं बघत होती. अकरा वर्षांची होती तेव्हा.

"खरंच बंद होणार, मामा?"

"लिहिलंय तर होणारच."

"कायमची?"

तिचा आवाज बारीक झाला होता. मला वाटलं, पोरगी घाबरली. मी पुढं झालो, तिला खाली उतरवून घेतलं आणि म्हणालो, "काही बंद होत नाही. मी आहे ना! तू काळजी करू नकोस."

 ती माझा हात धरून आत आली.

या गोष्टीला आता सोळा-सतरा वर्षं झाली असतील. मी महालिंग उंबरजे. करंजपूरच्या बसस्टँडमागं माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात, मी त्यांची जुनी कॉइल काढून नवी भरतो. सुनंदाचं आणि माझं लग्न बारा वर्षं टिकलं. का मोडलं, ते इथं सांगत बसत नाही. तिनं विचारलं तर ती वेगळं सांगेल, मी वेगळं सांगेन, आणि दोन्हीत थोडं थोडं खरं असेल. शेवटी न्यायाधीशांनी पोरगी आईकडं दिली आणि मला दर रविवारी चार ते सहा भेट दिली. जागा दोन्ही वकिलांनी मिळून ठरवली होती. पाण्याच्या उंच टाकीखालची नगरपालिकेची बाग. सगळं गाव तिला टाकीची बाग म्हणायचं.

घर सुनंदाच्या नावावर होतं, त्यामुळं मी दुकानामागच्या खोलीत राहायला आलो. जेवण खानावळीत. दिवसभर गिऱ्हाईकं यायची, मोटारी यायच्या, त्यात वेळ जायचा. पण शटर ओढलं की माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. शिवानीला सांगायच्या गोष्टी मी आठवडाभर साठवून ठेवायचो. एखाद्या मोटारीत पालीनं अंडी घातलेली असायची, एखादा शेतकरी मोटार बैलगाडीतून आणायचा. असलं काही दिसलं की मनात म्हणायचो, हे रविवारी सांगायचं. रविवारी सकाळी नखांतलं कॉइलचं वार्निश रॉकेलनं घासून काढायचो, मग दोनदा साबण लावायचो. तरी वास राहायचाच.

तर सोमवारी मी दुकान न उघडता वकिलांकडं गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जागा बदलून मागू. अर्ज टाकू. पण समोरच्यांना नोटीस जाईल, ते म्हणणं देतील, तारखा पडतील. सहा महिने धरून चाला."

"आणि तोवर?"

"तोवर काय! समजुतीनं घ्या."

समजुतीनं घ्यायची आमची सवय असती तर कोर्टात कशाला गेलो असतो? मी तिथून उठलो आणि सरळ नगरपालिकेत गेलो. मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात आधीच एक बाई बसलेल्या होत्या, आणि त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येत होता. शिपायानं मला दारातच उभं केलं.

"साहेब, बाग बंद करायला तुम्हाला एक कुलूप पुरतं. उघडी ठेवायला माणसं लागतात. ती माणसं मी देते म्हणते, तर तुम्हाला अडचण काय?"

त्या शमशाद मुल्ला. सरकारी दवाखान्यात मोठ्या सिस्टर होत्या आणि निवृत्त होऊनही गाव त्यांना मुल्ला सिस्टरच म्हणायचं. 'ओंजळ' नावाची त्यांची छोटी संस्था होती. आजारी माणसाला घरी खाट लागली, चाकाची खुर्ची लागली, वॉकर लागला, तर 'ओंजळ' द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची. पाय मोडलेली, लकव्यातून उठलेली माणसं सिस्टर रोज संध्याकाळी टाकीच्या बागेत चालवायला आणायच्या. रस्त्यावर तर त्यांना चालवता येत नव्हतं.

मुख्याधिकारी तरुण होते. कंटाळलेले होते, पण उद्धट नव्हते. "सिस्टर, उद्या झोपाळ्यावरून एखादं पोर पडलं तर जबाबदार कोण?"

"आज पडलं तर कोण आहे?"

साहेब हसले. "बरं. सभेत ठराव करून घेतो. तीन वर्षांचा करार करू. जागा आमची, चालवायची तुम्ही. पण विहिरीवरची मोटार जळून दोन महिने झाले. झाडं वाळायला लागलीत. वाळलेली बाग तुमच्या गळ्यात मारली तर उद्या तुम्हीच मला नावं ठेवाल. आणि मोटारीसाठी माझ्याकडं तरतूद नाही, खरंच नाही. कर्मचाऱ्यांचे पगारच कसेबसे होतायत."

"मोटार मी करतो," मी दारातूनच म्हणालो.

दोघांनी मागं वळून बघितलं. मी नाव सांगितलं, दुकान सांगितलं.

"काय घेणार?" सिस्टरनी विचारलं.

"काही नाही."

"फुकट काम करणाऱ्याची मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "तो कधी यायचा बंद होईल, सांगता येत नाही."

"मी यायचा बंद होणार नाही. मोटारीचं बघतोच. आणि रविवारी दुपारी फाटक उघडायचं, संध्याकाळी लावायचं, हे पण माझ्याकडं द्या."

"रविवारच का?"

"रविवारी दुकान बंद असतं."

सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडं एकदा नीट बघितलं. "रविवारी सगळ्यांचंच सगळं बंद असतं, उंबरजे. आणि त्याच दिवशी कुणी येत नाही. ठीक आहे. रविवार तुमचा."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. विहीर बागेच्या मागच्या कोपऱ्यात होती. मोटार उचलून दुकानात नेली, उघडली, तर कॉइल जळून कोळसा झालेली. बेअरिंगही गेलेलं. दिवसभर गिऱ्हाइकाचं काम आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेत बागेची मोटार, असं चाललं. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतला होता, त्यासाठी विहिरीत उतरावं लागलं. मी आत असलो की सिस्टर काठावर छत्री घेऊन बसायच्या आणि अधूनमधून "आहात ना?" असं ओरडायच्या. मी खालून "आहे" म्हणायचो. आपण आहोत की नाही, याची चौकशी माणसानं करावी, हे बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं.

एकदा वर आलो तर त्यांनी डब्यातली भाकरी पुढं केली.

"घरी कोण कोण आहे?"

"मी."

"आणि?"

"मुलगी आहे. आईकडं असते. मला रविवारी भेटते, या बागेत."

सिस्टर भाकरी मोडायच्या थांबल्या. त्यांच्या लक्षात आलं असावं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "वांग्याची भाजी तिखट झालीय. जपून खा."

तोवर एक तारीख उलटून गेली होती. सभा व्हायची होती, करार व्हायचा होता, आणि फाटकाला नगरपालिकेचं कुलूप होतं. आम्हाला कामासाठी मागच्या छोट्या दिंडी दरवाजातून आत सोडत, पण पोरीला आत न्यायची परवानगी नव्हती. मी शेखरला निरोप पाठवला की बागेबाहेर कट्टा आहे, तो बागेचाच समजा, आणि तिला आणा. तो आणत राहिला. शिवानी आणि मी कट्ट्यावर बसायचो आणि शेखर समोरच्या चहाच्या गाड्यावर उभा राहायचा.

मी तिला गजांतून एकेक दाखवायचो. "तो झोपाळा बघितलास? त्याची साखळी बदलली. ते गवत होतं ना तुझ्या कमरेएवढं, ते काढलं. परवा पाणी सुरू होईल."

"हो का?" ती म्हणायची. "छान."

एका रविवारी तिच्या गुडघ्याला पट्टी होती, कोपरही खरचटलेलं होतं.

"काय लागलं गं?"

"शाळेत पडले."

"दवाखान्यात दाखवलं?"

"मम्मीनं हळद लावली. एवढं काही नाही, पप्पा." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हे सगळं तुम्ही एकटेच करता?"

"एकटा कुठं? सिस्टर आहेत, बचत गटाच्या बायका येतात, शाळेतले दोन मास्तर येतात."

"म्हणजे तुमची सगळ्यांशी ओळख झाली?"

"झाली की."

ती जरा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती. मला वाटलं, बापाचं कौतुक वाटलं तिला.

त्याच दिवशी तिला स्कूटरवर बसवून शेखर माझ्याकडं परत आला. गाड्यापाशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, एक सांगू? रागावू नका. पोरगी मोठी व्हायला लागलीय. तिचं शाळेत, खेळात मन लागतं. तुम्ही हे एवढं अंगावर ओढून घेताय... बाग राहिली काय आणि गेली काय..."

"तुझ्या बहिणीनं शिकवून पाठवलं का तुला?"

शेखरचा चेहरा लाल झाला. "ताईला माहीत पण नाही मी बोलतोय ते."

"मग तिला जाऊन सांग. कोर्टाचा आदेश आहे. मी बाग उघडून दाखवतो, मग बघू काय सबब सांगता!"

आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागले. शिवानी स्कूटरवर मान खाली घालून बसली होती. शेखर हळू आवाजात म्हणाला, "आदेश आहेच, दाजी. कोण नाही म्हणतंय?" आणि निघून गेला.

सभेत ठराव झाला. करारावर सह्या झाल्या. मोटार बसवली त्या दिवशी स्टार्टर दाबला आणि पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग चांगलं. सिस्टरनी ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला एकदम शिवानी तिथं हवी होती असं वाटलं.

बाग पुन्हा सुरू करायचा छोटा कार्यक्रम ठरला. नगराध्यक्षांना शुक्रवार सोयीचा होता. मी सिस्टरना म्हणालो, "रविवारी ठेवा ना. साडेचारला." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फोन उचलला आणि नगराध्यक्षांशी दहा मिनिटं वाद घातला. रविवार ठरला.

त्या दिवशी मी नवा शर्ट घातला. फाटकाचं कुलूप मी स्वतः काढलं. आत मांडव नव्हता, नुसतंच एक टेबल, माइक आणि समोर भाड्याच्या खुर्च्यांच्या रांगा. पावणेचारपासूनच माणसं यायला लागली. म्हातारी माणसं वॉकर घेऊन आली, बायका पोरांना घेऊन आल्या. इतके दिवस बंद असलेल्या झोपाळ्यावर पोरांची झुंबड उडाली. कुणी मला नमस्कार करत होतं, कुणी "वा, उंबरजे" म्हणत होतं. मी हो-हो म्हणत होतो आणि रस्त्याकडं बघत होतो.

चार वाजले, सव्वाचार झाले. वीस मिनिटं उशिरा स्कूटर आली. शेखर आत आला नाही. शिवानी एकटीच आली. पायांत कॅनव्हासचे बूट, दोन्ही वेण्या वर घट्ट बांधलेल्या.

"उशीर झाला?"

"मी तयार होत होते," ती म्हणाली.

मी तिला सगळं फिरवून दाखवलं. मोटार दाखवली, पाटानं वाहणारं पाणी दाखवलं, नव्या मातीत लावलेली जास्वंदीची रोपं दाखवली. ती प्रत्येक ठिकाणी "छान झालंय" म्हणाली. शेवटी आम्ही लिंबाखालच्या बाकावर बसलो. तिकडं माइकवाला हॅलो-हॅलो करत होता.

"पप्पा, आता ही बंद नाही ना होणार?"

"तीन वर्षं तरी नाही. पुढं पण नाही. आम्ही होऊच देणार नाही."

"आणि तुम्ही रोज येणार इथं?"

"रोज. रविवारी तर फाटकच माझ्या ताब्यात."

"सगळे तुम्हाला ओळखतात आता."

"ओळखतात की. थोड्या वेळानं बघ, तिकडं माझं नाव पुकारतील."

ती बुटाची नाडी ओढत राहिली. ती आधीच बांधलेली होती, ती तिनं सोडली आणि पुन्हा बांधली. मग खाली बघूनच म्हणाली, "मग मी नाही आले तर चालेल?"

मला वाटलं, पुढच्या आठवड्याचं म्हणतेय. "का गं, गावाला जायचंय?"

"नाही. रविवारी."

"कुठल्या रविवारी?"

"सगळ्या."

 तिनं मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मग ती थांबलीच नाही, सगळं एका दमात बोलून गेली. शाळेच्या खो-खोच्या संघात तिला घेतलं होतं. तालुक्यात त्यांचा संघ पहिला आला होता आणि आता जिल्ह्याला जायचं होतं. येलपले सर रविवारी चार वाजता मैदानावर सराव घ्यायचे, कारण बाकीच्या दिवशी मैदान मोठ्या मुलांकडं असायचं. ती एकाही रविवारी जाऊ शकली नव्हती. सर म्हणाले होते, तू पळतेस चांगली, पण सरावाला येणार नसशील तर तुझी जागा दुसरीला द्यावी लागेल.

"मला का नाही सांगितलंस?"

"मम्मी म्हणाली, पप्पांना तूच सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी अडवते. मग मामा म्हणाला, मी सांगतो. तर तुम्ही त्याला ओरडलात."

"अगं पण..."

"त्या दिवशी नोटीस लागली ना, पप्पा..." तिला हुंदका आला.  "तेव्हा मला बरं वाटलं होतं. मला वाटलं, आता बागच बंद होणार. मग कुणाला काही सांगायलाच लागणार नाही. तुम्हाला पण वाईट वाटणार नाही, कारण बागच बंद झाली ना. आणि तुम्ही म्हणालात, मी आहे ना, काळजी करू नकोस."

माइकवरून कुणीतरी सांगत होतं, सर्वांनी आपापल्या जागा घ्याव्यात. पोरं झोपाळ्यावरून उतरायला तयार नव्हती आणि त्यांच्या आया त्यांना हाका मारत होत्या. मी बाकाची कडा धरून बसलो होतो. मी आदेशाचं नाव काढलं असतं तर ती आली असती. अठरा वर्षांची होईपर्यंत, दर रविवारी, मामाच्या मागं बसून आली असती आणि मी दाखवीन त्याला छान म्हणाली असती. तेवढी ती गुणी होती.

"आज सराव आहे?" मी विचारलं.

"चारला सुरू झाला."

"मग इथं काय करतेस?"

"आज तुमचा कार्यक्रम आहे ना."

"आत्ता गेलीस तर मिळेल?"

तिनं नाक पुसलं. "शेवटचा डाव मिळेल. तासभर तरी असतात सर."

"मग जा."

ती उठली, पण निघाली नाही. "तुम्ही रागावलात?"

"नाही."

"मग रविवारी तुम्ही एकटेच..."

"एवढी माणसं भरलीत बागेत, तुला दिसत नाहीत का?"

तिनं मागं वळून बघितलं. खुर्च्या भरल्या होत्या. सिस्टर कुणाला तरी हात धरून बसवत होत्या. मास्तर हार सोडवत होते. तिनं सगळीकडं नजर फिरवली, मग माझ्याकडं बघितलं. मी हसलो. माझं हसू तिला खरं वाटलं असावं, कारण तिचा चेहरा मोकळा झाला.

"पळ," मी म्हणालो.

आणि ती पळाली.

बागेत तोवर एवढी गर्दी झाली होती की मोठ्या माणसाला सरळ चालत जाता आलं नसतं. ती खुर्च्यांच्या दोन रांगांमधून शिरली. समोरून पाण्याचा हंडा घेऊन एक बाई आली, तशी ही खांदा पाडून, एका पायावर गर्रकन फिरून दुसऱ्या रांगेत गेली. बाई हंडा धरून तिथंच उभी राहिली. वाटेत एक लहान पोरगं आलं, त्याला तिनं डावीकडची हूल दिली आणि उजवीकडून निघून गेली. एक म्हातारे गृहस्थ वॉकर घेऊन वळत होते, त्यांना तिचा वारासुद्धा लागला नाही. दोन वर्षं ती दर रविवारी माझ्या शेजारून माझ्या चालीनं चालली होती. ही पोरगी अशी पळते, हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटच्या खुर्चीपाशी ती वाकली, हातानं जमिनीला स्पर्श केला आणि तिथून फाटकापर्यंत एका सरळ रेषेत गेली. शेखर स्कूटर चालू करूनच उभा होता.

मग माझं नाव पुकारलं गेलं. नगराध्यक्षांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि भाषणात सांगितलं की, अशी निःस्वार्थ माणसं गावात आहेत म्हणून आज ही बाग उघडी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइकपाशी गेलो आणि मोटारीला महिन्यातून एकदा तेल द्यावं लागेल, एवढंच बोलून खाली आलो. लोक हसले. त्यांना वाटलं, साधा माणूस आहे.

सिस्टर माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. इकडं तिकडं बघून म्हणाल्या, "मुलगी कुठं दिसत नाही?"

"खेळायला गेली."

"परत येणार आहे ना?"

मी शालीची घडी घालत होतो. ती काही केल्या नीट बसेना. सिस्टरनी ती माझ्या हातातून घेतली, मांडीवर पसरून इस्त्री केल्यासारखी घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली. 

पुढचं सांगायचं तर सगळं बरंच झालं. शिवानी जिल्ह्याला खेळली, मग राज्याला खेळली. मला सामन्याची तारीख तिच्याकडून नाही, शेखरकडून कळायची. रविवार बागेचा असल्यामुळं मी क्वचितच जाऊ शकलो. आता ती लातूरकडं एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, नवरा चांगला आहे. दिवाळीत येते, आईकडं उतरते आणि एक दुपार माझ्याकडं येते. आम्ही दोघं बोलतो. तिला घाई असते, तरी दाखवत नाही. सिस्टर चार वर्षांपूर्वी गेल्या. करार दर तीन वर्षांनी नवा होतो आणि आता त्यावर 'ओंजळ'तर्फे माझी सही असते. नगरपालिकेकडं पैसा अजूनही नाही. बाग उघडी आहे.

पण त्या संध्याकाळचं थोडं राहिलं.

कार्यक्रम संपला, खुर्च्यावाल्यानं खुर्च्या टेम्पोत भरल्या, माणसं पांगली. दिवे लागायच्या सुमाराला मी फाटकापाशी आलो. बाग रिकामी झाली असं समजून दार ओढणार, तेवढ्यात झोपाळ्याचा आवाज आला. एक तरुण माणूस आपल्या मुलीला खाली उतरायला सांगत होता. तीनेक वर्षांची असेल. तिनं साखळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि ती रडत होती. मला बघून तो ओशाळला.

"सॉरी काका. तुम्हाला कुलूप लावायचं असेल. चल गं बाळा, काका थांबलेत आपल्यासाठी."

"राहू दे," मी म्हणालो. "बसू दे तिला. मला कुठं जायचं नाही."